लुआंग प्रबांगला पाच रात्री: एवढ्याशा गावात करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं जोडपं, दोघंही साठीच्या आसपासचे, नुकतेच निवृत्त झालेले. जानेवारीत लाओसला जायचंय आणि लुआंग प्रबांग या एकाच गावात पाच रात्री राहायचं मनात आहे. टूरवाला म्हणतो, "तिथे दोन रात्री पुष्कळ झाल्या. उरलेल्या तिनांत वांग व्हिएंग आणि राजधानी व्हिएन्टिआन उरकून टाकू." वहिनी पूर्ण शाकाहारी, शिवाय गुडघेदुखी. प्रश्नकर्त्यांना पहाटे उठून चालायची सवय. पाच दिवसांत कंटाळा तर येणार नाही ना, असं शेवटी विचारलंय.

पाच रात्री ठेवा. आग्नेय आशियातल्या सहली आखून देणं हा माझा धंदा आहे आणि त्यात जोडप्यांचंच काम जास्त, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे सतत येतो. टूरवाला खोटं बोलत नाहीये. राजवाडा, फू सी टेकडी, सिएंग थाँगचा विहार, क्वांग सी धबधबा आणि रात्रीचा बाजार ही यादी दीड-दोन दिवसांत खरंच संपते. पण तुमची अडचण यादीची नाहीच. अडचण आहे ती सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेची. आयुष्यभर एलटीसीच्या हिशेबाने फिरलेल्या माणसापुढे मोकळी दुपार आली की त्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं, पैसे वाया चाललेत असं वाटायला लागतं. मग तो फोन काढून बसतो, नाहीतर बायकोवर चिडतो, नाहीतर कोपऱ्यावरच्या टुकटुकवाल्याला हाक मारतो. पाच दिवस जमणार की नाही हे त्या पाच तासांवर ठरतं. म्हणून मी आखणी दुपारपासून सुरू करतो आणि बघायच्या जागा मागाहून बसवतो.

आधी महिन्याचं बोलू, कारण बरंचसं त्यावर अवलंबून आहे. जानेवारी उत्तम. दुपारी ऊन असतं पण सोसवतं, पहाटे मात्र चांगलीच थंडी पडते आणि नदीवर धुकं साचतं. ते नऊ-दहापर्यंत हटत नाही, कधी सकाळची विमानंही त्यापायी लांबतात. स्वेटर नक्की घ्या, "तिकडे थंडी कसली" म्हणून मफलर घरी ठेवून जाणारी मंडळी मी दर हिवाळ्यात पाहतो. हाच प्रश्न मार्च-एप्रिलसाठी आला असता तर मी सरळ नको म्हटलं असतं. तेव्हा डोंगरउतारावरची शेतं जाळतात, धूर खोऱ्यात कोंडतो आणि समोरचा डोंगरही दिसत नाही. एप्रिलच्या मध्यात लाओ नववर्ष येतं, तेव्हा गाव पाण्याने भिजतं आणि माणसांनी भरतं. पावसाळ्यात खोल्या स्वस्त होतात, पण क्वांग सीचं निळं पाणी मातकट होतं. ऑक्टोबरचं एक आकर्षण आहे. आपल्याकडच्या बौद्ध वस्त्यांमध्ये जो वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, आषाढी पौर्णिमेला सुरू होऊन आश्विनी पौर्णिमेला संपतो, तोच तिथेही असतो, आणि तो संपताना बांबू-कागदाच्या दिवे लावलेल्या नावा मेकाँग नदीत सोडतात. पुढे कधी दुसऱ्यांदा गेलात तर ते बघा.

आता मुक्काम. मेकाँग आणि नाम खान या दोन नद्या जिथे मिळतात, तिथे जमिनीची एक चिंचोळी जीभ तयार झाली आहे. जुनं गाव तिच्यावर वसलंय. लांबी जेमतेम किलोमीटरभर, रुंदी त्याहून पुष्कळच कमी. 1995 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि मोठ्या बसगाड्यांना आत मज्जाव आहे. खोली घ्यायची ती इथेच. टूरवाले बहुधा गावाबाहेरचं रिसॉर्ट दाखवतात. तिथे पोहण्याचा तलाव मोठा असतो, नाश्ता भरगच्च असतो, पण दुपारी खोलीवर येऊन पडायचं म्हटलं की गाडीची वाट बघावी लागते. मग माणूस परततच नाही, उन्हात भटकतो आणि संध्याकाळी दोघांची तोंडं दोन दिशांना. जुन्या गावात असाल तर पाच-सात मिनिटांत आपल्या व्हरांड्यात.

खोली घेताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्या. एक, तळमजला मिळेल का? तिथली बरीच गेस्ट हाऊसं म्हणजे जुनी लाकडी घरं आहेत, जिने उभे असतात आणि कठडा असेलच असं नाही. दोन, समोर बसायला व्हरांडा आहे का? तीन, शेजारी विहार आहे का? काही दिवशी पहाटे चारच्या सुमाराला विहारातला नगारा वाजतो. तुम्हाला आवडेल, वहिनींना आवडेलच असं नाही. नदीच्या बाजूचं म्हणाल तर मेकाँगकडे सूर्यास्त आणि वर्दळ, नाम खानकडे शांतता. मी तुमच्यासाठी नाम खान निवडेन. हिवाळ्यात तिच्यावर बांबूचा पूलही असतो. पाऊस ओसरला की दरवर्षी नवा बांधतात, पुराआधी उतरवून ठेवतात, आणि ओलांडायला थोडे पैसे घेतात. बांबूच्या पट्ट्या पायाखाली दबतात, करकरतात, फटींतून खाली वाहतं पाणी दिसतं. वहिनींनी कठडा धरून सावकाश जावं, घाई करणारं मागे कुणी नसतं.

तर दुपार. जोडप्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो: दिवसातले दोन तास दोघांनी वेगवेगळे घालवा. ऐकायला विचित्र वाटतं, पण चोवीस तास सोबत राहायची सवय निवृत्तीनंतर नव्याने लावून घ्यावी लागते आणि परगावी ती एकदम अंगावर येते. तुम्ही पहाटे फिरून याल तोवर वहिनी झोपतील. दुपारी तुम्ही आडवे व्हा, वहिनी विणकामाला जातील. विणकामाला हे गाव नावाजलेलं आहे. ऑक पॉप टॉक नावाचं केंद्र मेकाँगच्या काठी आहे, तिथे अर्ध्या दिवसाचे वर्ग असतात: सूत नैसर्गिक रंगांत बुडवणं, मागावर बसून छोटंसं कापड विणणं. बसून करायचं काम, गुडघ्यांना त्रास नाही. काही शिकायचं नसेल तर नुसतं बघत बसायलाही छान आहे. बायका नेसतात ते 'सिन', म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, त्याच्या खालच्या काठाची नक्षी किती बारीक असते हे माग चालताना बघितल्यावरच कळतं. पैठणी ओळखणाऱ्या बाईला तिथून उठवणं कठीण जातं.

फू सीच्या पायथ्याला वांशिक कलांचं एक लहान संग्रहालय आहे. ख्मू, ह्मोंग वगैरे समाजांचे पोशाख आणि अवजारं नीट समजावून मांडली आहेत, तासाभराचं काम. तिथल्या रेडक्रॉसचं मालिश आणि औषधी वाफेचं केंद्र आहे, पण गुडघ्यांबद्दल आधीच सांगा, लाओ मालिश जोरकस असतं. आणखी एक जागा सुचवतो, सुट्टीत सगळ्यांनाच झेपेल असं नाही. न फुटलेल्या बॉम्बची माहिती देणारं केंद्र. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले आणि त्यातले पुष्कळ छोटे बॉम्ब अजून शेतांत पडून आहेत. एवढं शांत गाव बघताना हे डोक्यात असलेलं बरं, असं माझं मत.

पहाटेच्या भिक्षाफेरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुम्ही पहाटे उठणारे आहात आणि टूरवाला तुम्हाला नेमकं चुकीच्या जागी नेऊन बसवेल. उजाडायच्या सुमाराला वेगवेगळ्या विहारांतले भिक्खू आणि सामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, अनवाणी, एका ओळीत निघतात. रस्त्याच्या कडेला माणसं गुडघे टेकून बसलेली असतात आणि प्रत्येकाच्या पात्रात चिकट भाताचा बोटभर गोळा टाकतात. कुणी बोलत नाही. मुख्य रस्त्यावर मात्र याचा तमाशा झाला आहे: प्लॅस्टिकच्या स्टुलांच्या रांगा, भाताच्या टोपल्या विकणाऱ्या बायका, सामणेराच्या तोंडासमोर धरलेला मोबाइल. तिथे जाऊ नका. जिभेच्या टोकाकडच्या किंवा नाम खानकडच्या गल्लीत जा, समोरच्या फुटपाथवर भिंतीला टेकून उभे राहा, फ्लॅश बंद, खांदे आणि गुडघे झाकलेले. भात स्वतः द्यायचा असेल तर तो आदल्या रात्री गेस्ट हाऊसच्या मालकिणीला सांगून घरचा ताजा घ्या, रस्त्यावरचा नको. आणि श्रद्धा नसेल तर नुसतं बघा, त्यात काही कमीपणा नाही. वहिनींना जमिनीवर बसता येत नसेल तर दान देण्याचा आग्रह धरू नका, कारण देणाऱ्याने भिक्खूंपेक्षा खाली बसावं असा तिथला रिवाज आहे. फेरी संपली की 'वाट मई' नावाच्या विहाराच्या बाजूच्या गल्लीत सकाळचा बाजार भरतो. नदीतलं शेवाळं, बांबूचे कोंब, मिरच्या, जिवंत मासे. वहिनींना माशांच्या बाजूने नेऊ नका, भाजीच्या बाजूने न्या.

विहार तिसांहून जास्त आहेत, आणि तिसऱ्या विहारात सगळं सारखं दिसायला लागतं. म्हणून एकच बघा पण बसून बघा: सिएंग थाँग. राजा सेत्थाथिरात याने 1560 च्या सुमाराला तो बांधला. 1887 साली उत्तरेकडून आलेल्या टोळ्यांनी गाव लुटून जाळलं, त्यातून वाचलेल्या मोजक्या वास्तूंपैकी हा एक. छप्पर एकावर एक असं उतरत उतरत पार डोक्याच्या उंचीपर्यंत येतं. मागच्या भिंतीवर रंगीत काचांच्या तुकड्यांचं झाड आहे, त्याचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही बाजूच्या लहान लालसर देवळाकडे जा. गुलाबी भिंतीवर नखाएवढे काचेचे तुकडे बसवून गावातलं रोजचं जगणं दाखवलंय: शेत, झाडं, हत्ती, कामाला निघालेली माणसं. चेहऱ्याला एखादा तुकडा, हाताला एखादा, आणि तरी माणूस चालतोय हे कळतं. दुपारी चारनंतर ऊन तिरकं झालं की हे तुकडे एकेक करून चमकतात. ही नक्षी 1957 साली, बुद्धाच्या निर्वाणाला 2500 वर्षं झाल्याबद्दल करायला घेतली. आपल्याकडे हेच वर्ष मोजणीतल्या एका वर्षाच्या फरकाने 1956 ला साजरं झालं, त्याच वर्षी नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली. हे माहीत असलं की त्या भिंतीसमोर अर्धा तास सहज जातो.

राजवाडा 1904 चा, फ्रेंच अमलातला. आत फोटो नाही, चपला-पिशव्या बाहेर, आणि दुपारी मधली सुट्टी असते, तेव्हा सकाळीच जा. गावाला जिच्यावरून नाव पडलं ती प्रबांगची बुद्धमूर्ती याच आवारात आहे. 1975 साली राजेशाही संपली. शेवटच्या राजाला पुढे कैदेत टाकलं आणि तिथेच त्याचा अंत झाला, ते मात्र दालनांतल्या पाट्या सांगत नाहीत. फू सीला राजवाड्याच्या बाजूने 328 पायऱ्या आहेत. तुम्ही एकटे सकाळी चढून या. संध्याकाळी वर खांद्याला खांदा लागतो आणि सूर्यास्त खाली नदीकाठच्या खुर्चीतून जास्त चांगला दिसतो.

गावाबाहेर दिवसाला एकाहून जास्त ठिकाण नको, आणि निदान एक दिवस कुठेच नको. क्वांग सी तिसेक किलोमीटरवर आहे. चुनखडीमुळे पाणी निळं-हिरवं दिसतं आणि पायऱ्यापायऱ्यांनी कुंडं झाली आहेत. गाडी दोघांसाठी स्वतंत्र करा आणि उघडायच्या वेळेला पोचा, दहानंतर व्हॅनी येतात. मुख्य धबधब्यापर्यंतची वाट बेताची आहे, वरच्या टोकाला जायची घसरडी, ती सोडा. फाटकापाशीच तस्करांकडून सोडवलेल्या अस्वलांचं केंद्र लागतं. वाटेत म्हशींची एक डेअरी आहे, तिथे आइस्क्रीम खा. लाओसमध्ये म्हैस शेतीला आणि मांसाला, तिचं दूध काढायची रीतच नव्हती. हे ऐकून आपल्याकडची माणसं जी थबकतात ते बघण्यासारखं असतं.

पाक ऊच्या गुहांचं मात्र उगाच कौतुक होतं. हजारो लहानमोठ्या बुद्धमूर्ती आहेत खऱ्या, पण जाताना प्रवाहाविरुद्ध बोटीत दोनेक तास आणि मग उभ्या पायऱ्या. त्याऐवजी मेकाँगच्या पलीकडे चोम्पेतला जा. साधी फेरीबोट आहे, माणसं, स्कूटर, कोंबड्या सगळं एकत्र जातं. पलीकडे जुने, ओस पडत चाललेले विहार आहेत. त्यातल्या लोंग खुनमध्ये राज्याभिषेकाआधी राजा एकांतात राहायचा. पर्यटक अगदी थोडे. आणि एक संध्याकाळ नुसत्या बोटीवर घालवा. घासाघीस जरूर करा, पण बोट तासाची ठरवली तर तासाचीच वापरा, बोटवाल्यालाही घरी जायचं असतं.

शाकाहाराचं. हॉटेलवाले "व्हेज आहे" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात मांसाचे तुकडे नाहीत एवढंच असतं. खरी अडचण पादेकची, म्हणजे आंबवलेल्या माशांच्या दाट रसाची. तो पपईच्या सॅलडपासून भाजीपर्यंत कशातही पडतो. "बो साय पादेक, बो साय सिन" (पादेक नको, मांस नको) हे लाओ लिपीत लिहून घ्या आणि दाखवा. नदीच्या शेवाळ्याचे तीळ लावलेले, तळलेले पापड मिळतात, खायपेन म्हणतात. ते वहिनींना चालतील, पण सोबतची लाल मिरचीची चटणी नको, तिच्यात म्हशीचं कातडं घालतात. हे वेटर आपणहून सांगत नाही. चिकट भात, उकडलेल्या भाज्या, टोफू, फळं, फ्रेंचांनी मागे ठेवलेला पाव आणि उत्तम कॉफी यांवर दिवस छान जातो. संध्याकाळी बाजारात नारळाच्या दुधाचे, आपल्या आप्प्यांसारखे छोटे गरम गोळे मिळतात, त्यांची रांग लावायला हरकत नाही. पोटाला वरण-भात हवासा झाला तर गावात भारतीय जेवणही मिळतं, त्यामुळे मेथीचे ठेपले किलोकिलोने नेऊ नका.

आता टूरवाल्याच्या त्या दोन ठिकाणांचं. वांग व्हिएंगचे सुळके सुंदर आहेत, पण ते ट्यूबमध्ये बसून नदीतून वाहत जाणाऱ्या तरुणांचं गाव आहे. तुमच्या सहलीत ते मी घालणार नाही. व्हिएन्टिआनला परतीच्या वाटेवर एक रात्र चालेल, तीही पाच रात्रींच्या वर, त्यांतून कापून नाही. चीन-लाओस रेल्वे 3 डिसेंबर 2021 ला सुरू झाल्यापासून हा प्रवास दोनेक तासांचा झालाय, पूर्वी रस्त्याने अख्खा दिवस मोडायचा. स्टेशन गावापासून लांब आहे आणि तपासणी विमानतळासारखी असते. चाकू, कात्री, डिओडरंटचे फवारे काढून घेतात. पासपोर्टशिवाय तिकीट नाही, आणि तिकिटं फार आधी मिळत नाहीत, तेव्हा सहा महिने आधी "कन्फर्म" म्हणणाऱ्या एजंटला बारीक प्रश्न विचारा.

जाताना मुंबई-बँकॉक-लुआंग प्रबांग हा सरळ रस्ता. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी घेतलीत तर बँकॉकला सामान उचलून थायलंडमध्ये रीतसर प्रवेश करावा लागतो, आणि बँकॉकला विमानतळही दोन आहेत, दुसरं विमान कुठून आहे ते पाहून घ्या. लाओसचा व्हिसा ऑनलाइन किंवा उतरल्यावर मिळतो. थायलंडचे नियम बदलत असतात, ते निघायच्या महिन्यात सरकारी संकेतस्थळावर बघा. डॉलरच्या नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या न्या. तिथे एका डॉलरला वीस हजारांहून जास्त किप येतात, त्यामुळे पहिल्या दिवशी शून्यं मोजताना धांदल होते. विम्यात थायलंडला हलवण्याचा खर्च धरलेला असू द्या, गंभीर दुखण्याला लाओसमधली इस्पितळं अपुरी पडतात. आणि गावठी दारूचा घोट कुठेही चाखू नका. 2024 च्या नोव्हेंबरात वांग व्हिएंगला मेथेनॉल पोटात जाऊन सहा परदेशी पर्यटक दगावले होते.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती कळवा. वहिनींना पायऱ्या चढताना त्रास होतो की उतरताना? मेकाँगचे धक्के हिवाळ्यात पाणी खाली गेल्यामुळे बरेच खोल उतरावे लागतात आणि काही ठिकाणी नुसती मातीची वाट असते. उतरताना दुखत असेल तर चोम्पेतऐवजी गाडीने विणकरांचं बान फानोम गाव आणि जवळच नाम खानकाठी असलेली फ्रेंच प्रवासी आँरी मुओ याची कबर, असा अर्धा दिवस मी सुचवेन. तो 1861 मध्ये इथेच तापाने गेला.